खेळांतील नियमांचा अर्थ कसा लावावा?

घरांत पत्ते किंवा सोंगट्या खेळतांना नियमावरून तंटा झाला तर तो बहुधा स्मरणाचा असतो; कोणाला एक रीत आठवते, कोणाला दुसरी. आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे त्यांतील तंटे निराळ्या जातीचे आहेत. तेथें पुस्तक सर्वांसमोर उघडें असतें, वाक्य सर्वांनीं वाचलेलें असतें, आणि तरीहि दोघां सुज्ञांना त्यांतून दोन अर्थ दिसतात.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो रचला, आणि १९७४ सालीं तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें तो प्रसिद्ध झाला. चारपांच भिडू एका मेजाभोवतीं बसतात. प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक. एकजण पंच होतो. काल्पनिक जगाचें वर्णन करणें, शत्रूंची बाजू खेळणें आणि निर्णय देणें हीं तिन्ही कामें त्याचींच. पात्राची कृति साधली कीं फसली हें वीस पैलूंचा फासा सांगतो. बुद्धिबळांत घोडा अडीच घरेंच चालतो. येथें मात्र कोणीहि कांहींहि करूं म्हणतो, आणि म्हणूनच नियमांचीं पुस्तकें शेंकडों पानांचीं झालीं आहेत.

२०१४ च्या आवृत्तींत हे नियम मुद्दाम रोजच्या भाषेंत लिहिले गेले. ती भाषा वाचावयास सुखाची, पण तिची सैल वीणहि तिच्याबरोबर नियमांत आली.

एक उदाहरण सविस्तर पाहूं. 'अदृश्य' या अवस्थेविषयीं त्या पुस्तकांत दोन कलमें होतीं. पहिलें असें कीं, मंत्राच्या किंवा विशेष इंद्रियाच्या साहाय्यावांचून अदृश्य प्राणी दिसूं शकत नाहीं. दुसरें असें कीं, त्याच्यावर वार करणारास प्रतिकूलता आणि त्याच्या स्वतःच्या वारांस अनुकूलता लाभते. अनुकूलता म्हणजे दोनदां फासा टाकून मोठा आंकडा घ्यावयाचा, प्रतिकूलता म्हणजे लहान. आतां समजा, मांत्रिकानें अदृश्य वस्तु पाहण्याचा मंत्र म्हटला. समोरचा अदृश्य शत्रु त्याला लख्ख दिसतो आहे. मग वार करतांना त्याची प्रतिकूलता उरते कीं जाते?

सामान्य बुद्धि म्हणते, जाते. आपल्याकडील मीमांसकहि बहुधा तिच्याच बाजूला उभे राहिले असते. यज्ञांत माखलेले खडे मांडावेत असें एक वचन आहे, पण ते कशानें माखावेत हें त्यांत सांगितलेलें नाहीं. पुढेंच तुपाची स्तुति येते, म्हणून तूपच घ्यावें, असा निर्णय मीमांसकांनीं दिला. संदिग्ध वाक्याचा अर्थ त्याच्या शेजारच्या वाक्यावरून लावावा, हा तो न्याय. त्या न्यायानें पाहिलें तर दुसरें कलम पहिल्याच्याच पोटांतलें आहे. शत्रु दिसत नाहीं म्हणून वार चुकतो, तो दिसूं लागला कीं कारणच नाहींसें झालें.

पण शब्दनिष्ठांचा पक्ष वाटतो तेवढा पोकळ नाहीं. न दिसणाऱ्या हल्लेखोरास अनुकूलता मिळते हा सामान्य नियम पुस्तकांत अन्यत्र आहेच. मग दुसऱ्या कलमाचाहि अर्थ तेवढाच घेतला तर तें कलम व्यर्थ ठरतें. शिवाय, शत्रूला प्रकाशानें वेढणारा एक निराळा मंत्र आहे. त्यांत 'अदृश्यतेचा लाभ मिळणार नाहीं' अशा अर्थाचें स्पष्ट वाक्य आहे. पाहण्याच्या मंत्रांत तसें वाक्य नाहीं. नियमांचे त्या वेळचे प्रमुख रचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनींहि कौल दिला तो याच बाजूनें: शत्रु दिसला तरी दुसरें कलम लागू राहतें. पुष्कळ पंचांना तो पटला नाहीं.

अशा शंकांचें निरसन करणारें 'सेज अ‍ॅडव्हाइस' नांवाचें सदर १९७९ पासून 'ड्रॅगन' मासिकांत येत असे. त्याच नांवाच्या नव्या सदरांत २०१५ सालीं क्रॉफर्ड यांनीं तीन दृष्टि सांगितल्या: नियम जसा लिहिला आहे, जसा अभिप्रेत आहे, आणि ज्यानें खेळ रंगतो. यांतील तिसरें माप मला फसवें वाटतें. रंगतो कोणाचा? मेजाभोवतीं पांचजण असतात. मांत्रिकाला मोजकेच मंत्र शिकतां येतात. ज्या भिडूनें पुस्तकांतील शब्दांवर विसंबून त्यांतील एक जागा या मंत्राला दिली, त्याला ऐन झुंजीच्या मध्यें 'याचा अर्थ तसा नव्हे' असें ऐकविलें, तर कित्येक महिने वाढविलेलें पात्र तो एका वाक्यापायीं गमावूं शकतो. म्हणून पंचानें अर्थ कोणताहि घ्यावा, पण निवड होण्यापूर्वीं सांगावा. आणि मागाहून मत बदललें तर भिडूला तो मंत्र बदलून घेऊं द्यावा.

मुठीचा वादहि असाच गाजला. २०१४ च्या नियमांत मूठ हें शस्त्र नव्हे, पण मुठीचा ठोसा मात्र शस्त्राघातांत गणला जाई! मग धर्मयोद्ध्याचा दिव्य प्रहार ठोशाबरोबर चालावा कीं नाहीं? त्या नियमांत 'शस्त्राच्या इजेचा' उल्लेख आहे, म्हणून नाहीं, असें उत्तर मिळालें. २०२४ च्या आवृत्तींत ठोसा स्पष्टपणें समाविष्ट केला गेला. अदृश्यतेच्या कलमांतहि एक वाक्य जोडलें गेलें: ज्याला तुम्ही दिसूं शकतां त्याच्यापुढें हा लाभ नाहीं. जुना कौल त्यानें मागें पडला. अर्थाची ओढाताण करण्याऐवजीं शब्दच बदलला, हें मला योग्य वाटतें.

परंतु त्याच आवृत्तींत लपून बसणाऱ्यालाहि हीच 'अदृश्य' अवस्था देण्यांत आली. आवाज कुजबुजीहून मोठा झाला, वार केला, मंत्र मुखानें उच्चारला किंवा शत्रूनें शोधून काढलें, कीं ती संपते. आतां भिंतीआड लपलेला चोर भर उजेडांत चौकांत चालत आला तर? शोधणें म्हणजे नुसतें नजरेस पडणें, कीं लपतांना पडलेला आंकडा फाशानें गांठणें? दोन्ही पक्ष पुन्हां उभे आहेत. माझा कौल असा कीं अवस्था टिकली असें मानलें, तरी तें नवें जोडलेलें वाक्य येथेंहि लागू होतें, आणि उघड्यावर आलेल्या चोराला लाभ उरत नाहीं. चोराची भूमिका घेणाऱ्या भिडूला हें खेळ सुरू होण्यापूर्वीं कळलेलें असावें.