जपानी व्हॅन आणि वहिनीची वही

आई-बाबांना घेऊन मी ऑकलंडला पोहोचले तेव्हा २००६ सालचा डिसेंबर सुरू झाला होता. न्यूझीलंडमध्ये हे उन्हाळ्याचे दिवस. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून गाडीने वेलिंग्टनपर्यंत जायचे, तिथून गाडीसकट बोटीत चढून दक्षिण बेट गाठायचे, असा दादाचा बेत होता. त्यासाठीच त्याने व्हॅन घेतली होती. मित्सुबिशी डेलिका, १९९६ सालची. सात वर्षे जपानमध्ये धावून, मग जहाजातून न्यूझीलंडला आलेली आणि एका मालकाच्या हातून दादाकडे पोहोचलेली.

बाबांनी व्हॅनभोवती एक फेरी मारली, टायरवर हात फिरवला आणि विचारले, "हिचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

बाबांनी पुण्यात अनेक वर्षे मारुती ओम्नी चालवली. त्या चिमुकल्या इंजिनातही हा पट्टा असतो, म्हणून त्यांना तो आठवला. दादाला मात्र उत्तर ठाऊक नव्हते. "अहो बाबा, गाडी मस्त चालतेय. आवाज नाही, धूर नाही," तो म्हणाला.

पण या पट्ट्याची हीच तर गोम आहे. तो बिघडत चालला तरी बहुधा आवाज करत नाही. ब्रेक झिजले की किंचाळतात, बॅटरी मरायला आली की सकाळी गाडी कुरकुरते. टायमिंग बेल्ट शेवटच्या मिनिटापर्यंत इमानेइतबारे फिरतो आणि मग एकदम तुटतो.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो. त्याला जोडलेले पिस्टन वरखाली होतात. वर कॅमशाफ्ट असतो, तो झडपा उघडतो आणि मिटतो. खालचा दांडा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरायला हवा, आणि हा ताल सांभाळतो आतल्या बाजूला दाते असलेला रबरी पट्टा. दादाच्या डिझेल इंजिनात इंधन सोडणारा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला की वरचा दांडा थांबतो, खालचा मात्र वेगात असल्यामुळे फिरतच राहतो. डिझेल इंजिनात पिस्टन आणि झडपा यांच्यामध्ये जागा अगदी थोडी असते. उघड्या राहिलेल्या झडपेवर पिस्टन आदळतो. दैव चांगले असेल तर झडपा दाबणारे रॉकर आर्म तेवढे मोडतात. नाहीतर झडपा वाकतात, पिस्टनला मार बसतो आणि जुन्या गाडीच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

सगळ्याच इंजिनांत पट्टा नसतो, हेही सांगायला हवे. काहींत लोखंडी साखळी असते आणि ती ठरावीक मुदतीने बदलावी लागत नाही. गंमत म्हणजे याच डेलिकाच्या २.८ लिटरच्या डिझेल इंजिनात साखळी आहे आणि २.५ लिटरच्या डिझेल इंजिनात पट्टा. बाहेरून दोन्ही व्हॅन सारख्याच दिसतात. आपल्याकडे धावलेल्या टोयोटा क्वालिसच्या आणि पहिल्या इनोव्हाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच आहे. म्हणून जुनी गाडी घेताना नुसते नाव सांगून भागत नाही, इंजिनाचा क्रमांक बघावा लागतो. दादाच्या गाडीच्या पट्टीवर ४डी५६ असे होते. म्हणजे पट्टा.

न्यूझीलंडमध्ये अशा व्हॅन रस्तोरस्ती दिसतात. जपानप्रमाणे तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असते, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयातीवरची बंधने सैल झाल्यावर जपानमधल्या वापरलेल्या गाड्यांचा तिकडे ओघ सुरू झाला. त्या स्वस्त पडतात आणि बहुतेक सुस्थितीत असतात. अडचण एकच. गाडी समुद्र ओलांडून येते, तिची कागदपत्रे पुष्कळदा मागेच राहतात. काटा किती किलोमीटर दाखवतो ते दिसते, पण त्या किलोमीटरांत काय बदलले, काय राहिले, हे कोणी सांगत नाही. शिवाय काटा मागे फिरवण्याचे प्रकारही घडलेले आहेत. तिथे गाडीची सरकारी तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते; ब्रेक, टायर, दिवे, गंज सगळे पाहतात. पण टायमिंग बेल्टचे झाकण त्या तपासणीत कोणी उघडत नाही.

दादाच्या कागदांत एकही पावती नव्हती. वहिनीने मात्र पुढच्या सीटखालचे झाकण उघडले तेव्हा (या व्हॅनचे इंजिन बरेचसे तिथेच असते) तिला आत एक पिवळट कागद चिकटवलेला दिसला. त्यावर जपानी अक्षरे आणि काही आकडे. मुलाच्या वर्गातल्या एका जपानी मुलाच्या आईला तिने दुसऱ्याच दिवशी घरी चहाला बोलावले. त्या बाईंनी कागद वाचला आणि हसून म्हणाल्या, "टायमिंग बेल्ट बदलला, १३ साली, ९२ हजार किलोमीटरला."

१३ साल म्हणजे कधी? जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे वर्षे मोजतात. त्या वेळची हेइसेइ कारकीर्द १९८९ साली सुरू झाली, म्हणजे तेरावे वर्ष २००१ चे. जपानी गाडी ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनी एवढा हिशेब पाठ करून ठेवावा. हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवले की झाले.

काटा आता १ लाख ५८ हजार दाखवत होता. दादाने लगेच वजाबाकी केली. "साठ-सहासष्ट हजारच झालेत. पट्टा लाखापर्यंत चालतो. सहल उरकून बघू."

"अहो, पण पाच वर्षंही झालीत ना," वहिनी म्हणाली. "रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. माझ्या कुकरची रिंग मी शिट्ट्या मोजून बदलते का?"

बाबा खूश होऊन हसले. वहिनीचे म्हणणे बरोबरच होते. पट्ट्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत धरायची असते, जे आधी भरेल ते खरे. त्यातून कागद खरा मानला, काटा खरा मानला, तरी पट्ट्याबरोबर आणखी काय बदलले हे त्यावर लिहिलेले नव्हते. आणि नाताळपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथली बरीचशी गॅरेजेस बंद असतात. वाटेत उत्तर बेटाच्या मधोमध डेझर्ट रोड लागतो. नावाप्रमाणेच उजाड. तिथे सत्तरीचे आई-बाबा आणि दोन मुले घेऊन बंद पडलेल्या व्हॅनमध्ये बसायचे, या कल्पनेने दादाही गप्प झाला.

व्हॅन गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने झाकणे काढल्यावर दादाला बोलावून दाखवले. मोठा पट्टा ठीक होता, अजून निघाला असता. पण या इंजिनात झाकणाआड आणखी एक छोटा पट्टा असतो. इंजिनाची थरथर कमी करणारे बॅलन्स शाफ्ट तो चालवतो. त्याच्या कडेचे दोरे सुटले होते, दात्यांच्या मुळाशी भेगा होत्या. बहुधा जपानमध्ये मोठा बदलताना तो तसाच राहिला असावा. हा छोटा पट्टा स्वतः तुटला तर फक्त थरथर वाढते, पण त्याचे तुकडे मोठ्या पट्ट्यात अडकले की तोही जातो. आणि वरचे एक ऑइल सील पाझरून झाकणाच्या आत तेल पसरले होते. तेल हा रबराचा वैरी.

तेव्हा दोन्ही पट्टे, ते ताणून धरणाऱ्या कप्प्या आणि सील सगळेच बदलले. पाण्याचा पंप या इंजिनात बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो, त्यामुळे तो बदलायलाच हवा असे नव्हते. पण पुढचा भाग उघडलाच आहे तर मजुरी एकदाच पडेल, म्हणून तोही टाकला. जुन्या गाडीत पट्ट्याच्या किमतीपेक्षा तो काढण्या-घालण्याची मजुरीच जास्त असते. नवा पट्टा बसवल्यावर मेकॅनिकने इंजिन सुरू न करता पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवले आणि खुणा पुन्हा जुळतात का ते पाहिले. एक दाता जरी चुकला तरी गाडी नीट चालत नाही. हे काम घरी करण्याचे नव्हे, पण समोर उभे राहून पाहण्यासारखे जरूर आहे.

बिल पाहून दादाने सुस्कारा सोडला. सहलीतले दोन हॉटेलांचे मुक्काम रद्द झाले, तंबू लागला. आईला त्याचेच जास्त अप्रूप वाटले.

त्याच संध्याकाळी वहिनीने शंभर पानी वही काढली. बाबा तिच्याशेजारी बसले. दोघांनी गाडीच्या कामांचे तीन भाग पाडले. ज्याच्यामुळे जीव जाईल ते पहिले: ब्रेक, ब्रेकचे तेल, टायर, स्टिअरिंगचे सांधे. ज्याच्यामुळे इंजिन जाईल ते दुसरे: पट्टे, इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी, रबरी नळ्या, मागच्या हीटरकडे जाणारे पाइप. बाकी सगळे तिसरे. मागच्या पडद्याची मोटर, कुरकुरणारे दार, रंगाचे ओरखडे. आधीच्या मालकाचे काहीच माहीत नसल्यामुळे पहिल्या दोन भागांतले सगळे "आज शून्य" धरून नव्याने करायचे आणि तिथून मोजायचे ठरले. पाच हजार किलोमीटरला इंजिन ऑइल, दोन वर्षांनी ब्रेकचे तेल आणि रेडिएटरचे पाणी, पट्टे नव्वद हजारांना किंवा पाच वर्षांनी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तातडीचे नव्हते, ते पगार झाल्यावर.

वही भरायची आठवण कशी राहणार? तिथे डिझेल गाड्यांना दर हजार किलोमीटरमागे रस्त्याचा कर आगाऊ भरावा लागतो आणि त्याची चिठ्ठी पुढच्या काचेवर लावावी लागते. वहिनीने ठरवले, नवी चिठ्ठी आणली की वही उघडायची.

२२ डिसेंबरला आम्ही निघालो. डेझर्ट रोडवर रुआपेहूच्या शिखरावरचा बर्फ दाखवण्यासाठी दादाने व्हॅन मुद्दाम थांबवली. बाबांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितले आणि दोन मिनिटे कान देऊन ऐकत बसले.

२०१३ साली दादाने ती व्हॅन विकली. घेणारे जोडपे आधी आणखी एक डेलिका पाहून आले होते, ती थोडी स्वस्त होती. वहिनीने वही त्यांच्या हातात दिली. सीटखालच्या जपानी कागदाशेजारी तिने तोवर आपले दोन कागद चिकटवले होते, २००६ चा आणि २०११ चा. त्या जोडप्यातल्या बाईंनी झाकण उचलून ते तिन्ही वाचले आणि नवऱ्याला म्हणाल्या, हीच घेऊ या.