जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर

बेडकीच्या पाल्याची गंमत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. एक हिरवे पान तोंडात घालून सावकाश चावायचे, चोथा थुंकून टाकायचा आणि वर चिमूटभर साखर खायची. साखर गोड लागतच नाही! वाळूचे कण तोंडात घोळावेत, तसे वाटते. गूळ खा, पेढा खा, तीच गत. अर्ध्यापाऊण तासाने जिभेला पुन्हा गोडी कळू लागते. हिलाच मधुनाशिनी म्हणतात. हिंदीत गुडमार, म्हणजे गुळाला मारणारी.

आता कोणाच्याही मनात सहज येते की, जी वेल जिभेवरची साखर मारते ती रक्तातली का मारणार नाही? इथेच फसगत होते, मंडळी. या पानांत जिम्नेमिक आम्ल नावाचे द्रव्य असते. १८८७ साली डेव्हिड हूपर यांनी ते तपासून जगापुढे मांडले. गोडी ओळखणारी जी सूक्ष्म ठिकाणे जिभेवर आहेत, त्यांना ते जाऊन चिकटते. कुलपात भलतीच किल्ली अडकावी, तसे. साखर मात्र होती तशीच पोटात जाते आणि रक्तात उतरते. जिभेला कळले नाही म्हणून रक्ताला कळायचे थोडेच राहते?

मग पाल्यात गुण नाहीच का? तसे मी म्हणणार नाही. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी इन्शुलीन घेणाऱ्या २७ रुग्णांना रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा त्यांना इन्शुलीन कमी लागू लागल्याचे दिसले. पण ध्यानात घ्या, इन्शुलीन चालूच होते, अर्क मोजून दिला होता आणि माणसे अवघी सत्तावीस. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांनी मेथीचा गुण पाहिला. पण त्यासाठी तेल काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम द्यावी लागली. आपण फोडणीत घालतो ते चार दाणे कुठे आणि हे कुठे!

हल्ली बाटल्यांवर एक शब्द छापलेला दिसतो : अँटिऑक्सिडंट. वांगे चिरून ठेवले की हवेतल्या प्राणवायूने काळे पडते, आणि लिंबू पिळले तर ते काळवंडणे लांबते. साखर सतत वाढलेली राहिली की शरीरातही काहीशी अशीच झीज चालते व रक्तवाहिन्या, डोळे, मूत्रपिंडे यांना इजा होते. जांभळाच्या बियांचा किंवा आवळ्याचा अर्क काचनळीत ही क्रिया रोखतो, हे खरे. पण काचनळीला पोट नसते की यकृत नसते. ‘ई’ जीवनसत्त्व हेही असेच एक अँटिऑक्सिडंट. नऊ हजारांवर माणसांना, त्यांत कितीतरी मधुमेही होते, सुमारे साडेचार वर्षे ते किंवा त्याच्यासारखी दिसणारी नुसती गोळी देऊन पाहिली. निकाल २००० साली आला : हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत.

वनस्पतीतून औषध निघतच नाही असे मात्र समजू नका. युरोपात गॅलेगा नावाचे झुडूप आहे. त्यातल्या द्रव्याने साखर उतरते. पण ते विषारी, चरणाऱ्या मेंढ्या त्याने मरतात. त्याच कुळातले सौम्य द्रव्य, मेटफॉर्मिन, १९२२ साली डब्लिनमध्ये तयार झाले आणि १९५७ साली फ्रान्सच्या झाँ स्टेर्न यांनी मधुमेह्यांवरील त्याचा गुण प्रसिद्ध केला. आज सरकारी दवाखान्यात मधुमेहाची म्हणून मिळते ती बहुधा हीच गोळी.

गुरुजनांना एक खास सांगणे. वर्गातले एखादे मूल वारंवार लघवीला जाऊ लागले, सारखे पाणी पिऊ लागले आणि खातेपिते असूनही वाळू लागले, तर त्याच दिवशी आईवडिलांना सांगून रक्ताची साखर तपासायला लावा. मुलांच्या मधुमेहात बहुधा शरीरातले इन्शुलीनच संपत आलेले असते. ते बाहेरूनच द्यावे लागते. कोणताही पाला ते काम करीत नाही. ‘सुई बंद करा, काढा चालू करा’ असा सल्ला कोणी दिला आणि घरच्यांनी तो ऐकला, तर ओकाऱ्या, धाप आणि बेशुद्धी यांना एकदोन दिवसही पुरतात.

मोठी माणसे गोळ्यांच्या जोडीला पाला घेत असतील, तर डॉक्टरांपासून लपवू नये. इन्शुलीन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या यांच्या जोडीने साखर फार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, एकदम भूक, बोलण्यात घोटाळा ही त्याची खूण. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. आणि नुकताच पाला चावलेला असेल, तर तो म्हणेल, ‘अहो, पाणी फिकेच लागते आहे!’ लागू द्या. पुरते पाजा. जिभेला न कळलेली ती साखर रक्तात आपले काम करील.