लोणारचे विवर व कुलाब्याची सुई

आकाशातून पृथ्वीवर संकट यावयाचे तर ते दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट धोंड्यांची व दुसरी सूर्याकडून सुटणाऱ्या झंझावाताची. या दोन्ही वाटांच्या खुणा महाराष्ट्रातच आहेत, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. पहिली खूण डोळ्यांत भरण्याजोगी आहे. दुसरी जुन्या नोंदवह्यांतील आकड्यांत दडलेली आहे.

पहिली खूण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. येथे विष्णूने लवणासुराचा वध केला, अशी कथा त्या भागात प्रसिद्ध आहे. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचे हे गोल विवर ज्वालामुखीचे असावे, असे विद्वान दीर्घकाळ मानीत आले. आणि सभोवार सगळा काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हारसच असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविकही होते. परंतु विवरातील खडकांत प्रचंड आघाताच्या दाबाखालीच बनू शकते अशी काच सापडली, आणि १९७३ च्या सुमारास या वादाचा निकाल लागला. हे विवर अशनिपाताने झालेले आहे. आघाताचा काळ कोणी ५० हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा.

असे धोंडे अद्यापही सूर्याभोवती फिरत आहेत. त्यांतील एक किलोमीटरहून मोठ्या व पृथ्वीच्या आसपास येणाऱ्या लघुग्रहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आता शोधून काढलेले आहेत. खरी चिंता लहानांची. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर आकाशातच फुटलेला पाषाण अवघा वीस मीटरांच्या आसपासचा होता. तरी फुटलेल्या तावदानांनी व अन्य प्रकारे सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. तो आधी कोणालाच दिसला नव्हता, कारण तो सूर्याच्या दिशेने आला होता, आणि भर उजेडाकडे दुर्बीण रोखून काय दिसणार?

तथापि ज्याची कक्षा एकदा ठरली, त्या लघुग्रहाच्या बाबतीत मनुष्य अगदीच असहाय राहिलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘डार्ट’ या यानाने डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटरांच्या गोळ्यावर मुद्दाम आदळून त्याचा प्रदक्षिणाकाल अर्ध्या तासाहून अधिक कमी केला. ‘अपोफिस’ हा तीनशे मीटरांहून मोठा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून, म्हणजे दळणवळणाच्या कित्येक उपग्रहांपेक्षाही जवळून, जाणार आहे. त्या दिवशी तो आदळणार नाही, हे मात्र गणिताने आधीच निश्चित झालेले आहे.

सूर्याच्या वादळाची गोष्ट निराळी. ते ना दगड फोडते, ना खड्डा पाडते. त्याची सर्वांत मोलाची नोंद मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिषाने सूर्यावरील डागांच्या घोळक्यात एकाएकी लखलखाट झालेला पाहिला. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास कुलाब्याच्या चुंबकसुईने जी उसळी घेतली ती अपूर्व होती. तेथील आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाली. म्हणजे मूळ बळाच्या सुमारे पंचविसावा हिस्सा काही काळ नाहीसा झाला. युरोपातील कित्येक उपकरणांच्या रेषा कागदाबाहेर गेल्या असता कुलाब्याचे आकडे मात्र हाती राहिले, आणि आजचे शास्त्रज्ञ त्या वादळाचे माप घेताना त्यांचाच आधार घेतात.

पुढे ४ फेब्रुवारी १८७२ रोजी तर ध्रुवप्रदेशातच दिसावयाचा मेरुप्रकाश मुंबईच्या आकाशात दिसला व तारायंत्राच्या कामातही बिघाड झाला. आपण विषुववृत्ताजवळ आहोत, तेव्हा सूर्याचे काय ते उत्तरेकडच्या लोकांनी पाहून घ्यावे, असे समाधान करून घेणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुई बहकेल म्हणून ही चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आली. लोखंडाला मज्जाव असलेल्या तेथील इमारतींतून वेध घेण्याचे काम अद्याप चालू आहे.

सूर्य जो विद्युद्भारित वायूचा लोट फेकतो, त्याच्याबरोबर त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्रही येते. ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे असले, म्हणजे जणू दार उघडते व वादळ आत शिरते. वातावरणाचे कवच असल्यामुळे जमिनीवरच्या माणसाच्या शरीराला अपाय होत नाही. परंतु शेकडो मैल लांबीच्या विजेच्या तारांत नको असलेला प्रवाह वाहू लागतो, रोहित्रे तापतात आणि रक्षक यंत्रणा तारा तोडून टाकते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज दोन मिनिटांच्या आत गेली; साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. १८५९ मध्ये तारायंत्राखेरीज बिघडण्याजोगे फारसे काही नव्हते. आज साऱ्या भारताचे वीजजाळे डिसेंबर २०१३ पासून एकमेकांत गुंफलेले आहे.

लोट निघाल्याचे दुर्बिणींतून कळते. त्याला येथवर यावयास बहुधा एक ते तीन दिवस लागतात. पण त्याच्या चुंबकत्वाची दिशा दुरून ओळखता येत नाही. तो अंगावरून जाईल तेव्हाच कळावयाची. याकरिता पहारेकरी वाटेवरच उभा करावा लागतो. भारताचे ‘आदित्य-एल १’ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवर, सूर्याच्या बाजूस, तसे उभे आहे. सेकंदाला हजार किलोमीटर वेगाचा लोट तेथून पृथ्वीवर यावयास केवळ पंचवीस मिनिटे लागतात. अपोफिसची तारीख कित्येक वर्षे आधी सांगता आली. येथे वीजकेंद्रातील अधिकाऱ्याला लांब पल्ल्याच्या तारांवरील भार कमी करावयाचा, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनी पुन्हा जोडावयाची आणि रोहित्रांच्या तापमानावर नजर ठेवावयाची, ती एवढ्याच अवधीत.