जिल्हा कोणता टाकू?

धुळ्यातल्या एका जुन्या चर्चची बाजूची खोली. रविवारची उपासना नुकतीच आटोपलीय, बाहेर चपलांची शोधाशोध चाललीय. आत टेबलावर लॅपटॉप आणि त्याच्या शेजारी जाड पुठ्ठ्याची विवाह नोंदवही. मंडळीचे सेक्रेटरी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ते मागे उभे आहेत आणि कीबोर्ड नातीच्या ताब्यात आहे. ती बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. समोर लग्न ठरलेली जोडी. मुलगा नंदुरबारचा, मुलगी जळगावची. मुलाची आजी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलीय.

1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे परवानाधारक पाळकाकडून लग्न लावून घ्यायचं तर आधी लेखी सूचना द्यावी लागते. त्यात दोघांची नावं, आडनावं, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, तिथला मुक्काम किती दिवसांचा आणि लग्न कुठल्या चर्चमध्ये, एवढं हवं. गुरुजी आजवर हा नमुना झेरॉक्स काढून हाताने भरायचे. आता नातीने त्याचाच पीडीएफ बनवलाय आणि मंडळीला लागणारे बाप्तिस्म्याचे रकानेही त्यात घातलेत. फिकट निळ्या रकान्यात टिचकी मारायची आणि टाइप करायचं. आवश्यक रकान्याभोवती लाल चौकट दिसते. मुलाने तोच फॉर्म काल मोबाइलवर उघडून पाहिला होता. तिथे मराठी अक्षरं फुटली, वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटल्या. म्हणून आज सगळे इथे.

"बाप्तिस्म्याचा जिल्हा कोणता टाकू?" नात विचारते.

"धुळे," मुलगा म्हणतो. लगेच, "नाही, नंदुरबार."

दोन्ही खरं आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला 1 जुलै 1998ला. दाखल्यावर धुळे, आधारवर नंदुरबार. आजी पिशवीतून स्वतःचा पिवळा पडलेला दाखला काढते आणि टेबलावर ठेवते. "मना दाखलावर ते पश्चिम खान्देस शे!" खोलीत हशा पिकतो. पण आजीचंही बरोबर आहे. 1906मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले, जळगावकडचा पूर्व आणि धुळ्याकडचा पश्चिम. नातीच्या फॉर्ममधल्या यादीत आजचे 36 जिल्हे आहेत. पश्चिम खानदेश त्यात कुठून येणार?

"मी कंस टाकून लिहायचो, 'आता नंदुरबार'," गुरुजी म्हणतात.

"यादीत कंस नाही टाकता येत, आबा." नात फॉर्म बंद करते, मूळ फाइल उघडते आणि एका रकान्याचे दोन करते. एक 'दाखल्यावरचा जिल्हा', तो मोकळा, हवं ते लिहा. दुसरा 'आजचा जिल्हा', तो यादीतून निवडायचा. गुरुजींना हे पटलेलं दिसतं, पण ते फक्त "हं" म्हणतात.

आता मुलीचं आडनाव. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर इंग्रजीत डब्ल्यू, दहावीच्या सर्टिफिकेटवर आणि आधारवर व्ही. "काही फरक पडतो का?" ती विचारते. उत्तर द्यायला पाळक पुढे येतात आणि नोंदवही उघडतात. लग्न लागलं की याच वहीत नोंद होणार. पाळक, वर-वधू आणि दोन साक्षीदार सह्या करणार, वहीला जोडलेला दाखला विवाह निबंधकाकडे जाणार. त्यानंतर चूक सापडली तर खाडाखोड करायची सोय नाही. मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहायची, तीही नवरा-बायको दोघांच्या समोर. कुणी हजर नसेल तर दोन विश्वासू साक्षीदार उभे करायचे. वर तारीख आणि सही.

"म्हणजे भांडायचं ते आत्ताच भांडून घ्या," पाळक म्हणतात.

मला तर या फॉर्मची कमाई हीच वाटते. वेळ काही वाचलेला नाही. गुरुजींच्या हाताने हे दहा मिनिटांत झालं असतं. पण त्यांनी ऐकलं तसं लिहिलं असतं आणि पोरीने न वाचता सही ठोकली असती. ती आता स्क्रीनकडे सरकते, एकेक अक्षर बोटाने तपासते. "व्ही ठेवा. पासपोर्टही त्याच नावाने काढायचाय."

प्रिंटरमधून कागद येतो. गुरुजी तो मुलीच्या हातात देतात, "आधी मोठ्याने वाच." ती वाचते आणि मग सही करते. पाळक सूचना लावायला बाहेरच्या फलकाकडे जातात.

तेवढ्यात मंडळीचे एक वडील दारात येतात. "सलाम, गुरुजी." चर्चच्या ट्रस्टवर नवे विश्वस्त निवडून आलेत. बदल अर्ज धर्मादाय कार्यालयाच्या साइटवर भरायचाय आणि नव्वद दिवसांतले बरेचसे उलटून गेलेत. हातात नावांची यादी, घाईघाईत लिहिलेली.

नात यादीला हात लावत नाही. "काका, परिशिष्ट एकचा उतारा आणि सगळ्यांचे आधार आणलेत का? यादीत आणि आधारवर नावं सारखी आहेत का, ते आधी बघू."

काका खुर्ची ओढतात आणि मोबाइल काढून पहिल्या विश्वस्ताला फोन लावतात.