वंशावळीतून कर्करोगाचा माग

कोल्हापूर जिल्ह्यातील व सीमाभागातील अनेक गावांत सुगीच्या दिवसांत हेळवी येतो आणि घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितो. मूळ पुरुष कोण, कोणती शाखा कोठे गेली, याची नोंद त्याच्या चोपडीत असते. अशाच वंशावळींच्या आधारे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक कारण वैद्यकशास्त्राला उमगले, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही.

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने सांगितले की, घरातील अनेकांप्रमाणे आपणही कर्करोगानेच मरू. पुढे तसेच घडले. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची माहिती १९१३ साली प्रसिद्ध केली. परंतु ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

१९६२ साली ओमाहा येथे डॉ. हेन्री लिंच (१९२८-२०१९) यांना मद्याच्या आहारी गेलेला एक रुग्ण भेटला. घरातील सारे कर्करोगाने गेले, आपणही जाणार, हे त्याने व्यसनाचे कारण सांगितले. लिंच यांनी समाजसेविका ॲन क्रश यांच्या साहाय्याने त्याच्या नातेवाइकांची माहिती पिढीवार गोळा केली आणि १९६६ साली अशा दोन घराण्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कर्करोग आनुवंशिक असू शकतो, हे मत तेव्हा बहुतेक तज्ज्ञांना मान्य नव्हते. १९९३-९४ मध्ये संबंधित जनुके सापडली आणि लिंच यांचे अनुमान सिद्ध झाले. या विकाराला आज त्यांचेच नाव दिले जाते.

या जनुकांचे कार्य कचेरीतील रुजुवातीसारखे आहे. पेशीचे विभाजन होताना तिच्यातील आनुवंशिक मजकुराची नक्कल निघते. नकलेतील चुका शोधून दुरुस्त करण्याचे काम ही जनुके करतात. जनुक सदोष असल्यास चुका साचत जातात आणि ऐन उमेदीच्या वयात कर्करोग उद्भवू शकतो. स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. दोष असलेल्या माता अथवा पित्याकडून तो अपत्याकडे येण्याची शक्यता निम्मी असते. तथापि, दोष आला म्हणजे रोग होणारच, असे नाही. शिवाय मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांतच हा विकार आढळतो, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्या सांगतात.

हे ज्ञान निराशेचे कारण नाही. फिनलंडमध्ये अशा घराण्यांतील व्यक्तींची १५ वर्षे पाहणी करण्यात आली. ज्यांच्या आतड्याची दर तीन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी झाली, त्यांच्यात या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, असे २००० साली प्रसिद्ध झाले. कर्करोगात रूपांतर होण्यापूर्वीच आतड्यातील गाठी काढून टाकता येतात. आनुवंशिक कर्करोगाविषयी सल्ला व जनुकीय चाचणीची सोय मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात आहे.

यासाठी पहिले साधन म्हणजे कुटुंबाची खरी माहिती. कोणाला कोणता कर्करोग झाला व कोणत्या वयात, एवढे टिपून ठेवले तरी डॉक्टरांना दिशा मिळते. पन्नाशीपूर्वी हा रोग झालेला आप्त असल्यास, अथवा एकाच बाजूच्या अनेक नातेवाइकांना तो झाला असल्यास, ही माहिती त्यांना अवश्य सांगावी. शौचावाटे रक्त जात असल्यास मूळव्याध समजून घरगुती उपचार करीत बसू नये.

पारंपरिक वंशावळ मुख्यतः पुरुषांच्या नावांची असते. रोगाच्या वंशावळीत मात्र सासरी गेलेल्या लेकी, आत्या, मावश्या व आजोळ यांची नोंद तितकीच आवश्यक आहे. कारण हा दोष मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. मुलांची लग्ने अडतील या भीतीने अनेक घरांत कर्करोगाचे नाव दडविले जाते आणि वेळीच तपासणी करण्याची पुढील पिढीची संधी हुकते. शिक्षक, आरोग्यसेविका व पंचायत सदस्य यांनी ही भीती दूर करण्यास साहाय्य केले, तर अनेक घरांतील अकाली मृत्यू टळू शकतील.