चेन्नईतला मोठा पडदा

मद्रासमध्ये दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९७५ ला. त्यानंतरची तीसेक वर्षं इथल्या मध्यमवर्गीय घरात टीव्ही घेताना चर्चा व्हायची ती कंपनीची. सॉलिडेअर, डायनोरा ही मद्रासचीच नावं. पडद्याच्या आकारावर कुणी फार बोलत नसे. काचेच्या नळीचा २९ इंची संच जिन्यावरून चढवायला दोन धडधाकट माणसं लागत, आणि त्याची किंमत पगारदाराच्या आवाक्याबाहेर असे. बहुतेकांची धाव २१ इंचांपर्यंतच.

ती धाव शक्य केली हप्त्यांनी. व्हीजीपी या दुकानाने मद्रासला हप्त्यांवर वस्तू घ्यायची सवय लावली. तिथेच विक्रेता म्हणून काम केलेल्या एच. वसंतकुमार यांनी १९७८ मध्ये ‘वसंत अँड कंपनी’ काढून तोच मार्ग पुढे नेला. जोडीला आडी महिन्यातली सूट. हा महिना साधारण आपल्या आषाढात येतो, लग्नकार्यं नसतात, दुकानं ओस पडतात, म्हणून टी. नगरच्या बाजारपेठेतले दुकानदार भाव उतरवतात. दिवाळीच्या गर्दीत घेण्यापेक्षा आडीत घ्यावं, हे इथल्या जुन्या मराठी कुटुंबांनीही शेजाऱ्यांकडून केव्हाच उचललं होतं.

सप्टेंबर २००६ पासून द्रमुक सरकारने घरोघरी १४ इंची रंगीत टीव्ही फुकट वाटायला सुरुवात केली. २०११ पर्यंत दीड कोटींहून अधिक संच वाटले गेले. ज्या घरात कधी टीव्ही नव्हता तिथे तो आला, याचं मोल मला मोठं वाटतं. पण काळ बघा. नेमक्या याच वर्षांत शोरूमच्या भिंतींवर सपाट पडदे लागू लागले होते, आणि २००७ मध्ये श्रीपेरुंबुदूरला सॅमसंगचा कारखाना सुरू झाला. एकाच शहरात काचेच्या नळीचा शेवटचा मोठा बहर आणि तिची जागा घेणारं तंत्र शेजारी शेजारी नांदत होतं.

मोठा पडदा बेताच्या पैशांत घेणाऱ्यांची खरी परीक्षा झाली ती २००८ ते २०१२ या काळात. दुकानात ४२ इंची पडद्यावर झरे, पोपट आणि मासे दाखवत. ती चित्रफीत एचडी दर्जाची असे, आणि पोपटाचं पीस न् पीस मोजता येई. तोच संच घरी आला की त्याला सेट-टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी पिन जोडली जायची. त्या पिवळ्या तारेतून ५७६ ओळींचंच चित्र येतं. ते ४२ इंचांवर पसरलं की बातमीदाराच्या कडा विरघळत, क्रिकेटचा चेंडू हिरवळीत नाहीसा होई. वर चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणून बसवलं की नायिकेचे गाल सुजल्यासारखे दिसत. संचात दोष काहीच नसे. त्याच्या लायकीचं चित्र घरापर्यंत पोहोचतच नव्हतं. चेन्नईत तर सप्टेंबर २००३ पासून पैसे भरून बघायच्या वाहिन्यांना बॉक्स लागत होता आणि केबलचा बॉक्स घेणारी घरं सुरुवातीला फार थोडी होती. मराठी वाहिनी हवी असेल तर तिचा वेगळा खटाटोप.

पारडं हलू लागलं २०१० मध्ये. राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या, आणि पुढल्या वर्षाच्या अखेरीस सन टीव्हीची एचडी वाहिनी आली. त्या दिवसांत ‘एचडी रेडी’ घ्यावा की ‘फुल एचडी’ यावर वाद झडत, आणि फरक हजारोंचा असे. माझं मत तेव्हाही हेच होतं की आधी सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावावी. मैलापूर-अड्यारच्या फ्लॅटमध्ये हे अंतर नऊ-दहा फूट भरतं, आणि एवढ्या लांबून ४२ इंचांवर एचडी रेडीच्या ७६८ ओळी आणि फुल एचडीच्या १०८० ओळी यांतला फरक सामान्य डोळ्याला जवळपास कळत नाही. ज्यांनी एचडी रेडी घेऊन उरलेल्या पैशांत एचडी बॉक्स आणला, त्यांच्या घरी जास्त महागड्या संचांपेक्षा चांगलं चित्र दिसे.

प्लाझ्मा की एलईडी, हा वाद तर वीजटंचाईनेच मिटवला. अंधाऱ्या खोलीत प्लाझ्माचा काळा रंग खरोखर काळा दिसे आणि किमतीतही तो परवडे. पण २०१२ मध्ये चेन्नईत रोज दोन तास भारनियमन सुरू झालं. इन्व्हर्टरवर दोनशेहून अधिक वॅट खाणारा प्लाझ्मा चालवायचा की शंभराच्या आत भागणारा एलईडी, याचा हिशेब घरातल्या पंख्यांनीच करून टाकला. उन्हाने भरलेल्या, खिडक्या उघड्या टाकलेल्या खोल्यांत प्लाझ्माचं ते काळेपण तसंही वाया जाई.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शाओमीने ५५ इंची फोर-के टीव्ही ३९,९९९ रुपयांना काढला आणि सगळ्या बाजाराला भावांचा फेरविचार करावा लागला. त्याच वर्षी आयात सुट्या भागांवरच्या जकातीमुळे सॅमसंगने चेन्नईतलं टीव्ही उत्पादन थांबवून व्हिएतनामला हलवलं. म्हणजे ज्या वर्षी पडदा ग्राहकाला स्वस्त झाला, त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूरच्या हातून टीव्हीचं काम गेलं. त्याबद्दल शहरात जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही, असं मला वाटतं.

२०१९ च्या नव्या दरपद्धतीने वाहिनीगणिक किंमत छापून आली. १३० रुपये आणि करात शंभर वाहिन्यांची जागा मिळू लागली, एक एचडी वाहिनी दोन जागा खाई. परप्रांतात राहणाऱ्या मराठी घरांना स्वतःची यादी करता आली: दोन मराठी, एक बातम्यांची, एक खेळाची, आणि मुलांच्या तमिळ मित्रांबरोबर बघायला सन टीव्ही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या संचांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आता टी. नगरमध्ये पन्नास-पंचावन्न इंच मागणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. पडदा निवडणं सोपं झालं, तरी दोन गोष्टी मी आजही विचारायला सांगतो. पॅनेल फुटलं तर नवं किती रुपयांना, कारण ती रक्कम बहुधा नव्या संचाच्या जवळ जाते. आणि दुरुस्तीचा माणूस शहरातच आहे का. बेझंट नगरसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत खारं वारं आतल्या सर्किटला गंज आणतं, तेव्हा जवळचा दुरुस्तीवाला पाच इंच जास्त पडद्यापेक्षा उपयोगी पडतो.