पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही

बटण दाबल्यावर पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो. दुरुस्ती करणारे याला ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणतात आणि ऐकणारा मॉनिटरकडे बघतो. तिथेच पहिली चूक होते. चालू झालेला संगणक आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर, मेमरीचा सुरुवातीचा भाग, मग व्हिडिओ कार्ड. चित्र उमटायला या सगळ्या पायऱ्या पार व्हाव्या लागतात. म्हणून काळ्या पडद्यामागचा दोष बऱ्याचदा पडद्यापासून लांब असतो.

असा दोष हवेमुळेही येतो. आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठाला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि त्यापाठोपाठ चार महिने पावसाळी दमट हवा असते. त्यात हा कापसाचा मुलूख. बारीक तंतू आणि धूळ कॅबिनेटमध्ये (ज्याला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात) शिरून बसतात, ओल धरतात, आणि तांब्या-पितळेच्या टोकांवर थर चढतो. नव्वदच्या दशकातली मशिने अशा हवेत वर्षानुवर्षे बंद पडून राहिली की नवा भाग न टाकता नुसत्या साफसफाईने चालू होण्याची शक्यता बरीच असते.

आधी बाहेरून बघावे. मॉनिटर दुसऱ्या चालू संगणकाला जोडून तपासला की निम्मी शंका मिटते. मात्र फार जुन्या मशिनची जात वेगळी. १९८७ साली आलेल्या व्हीजीएला पंधरा पिनांचा जोड असतो, त्याआधीच्या एमडीए आणि सीजीएला नऊ पिनांचा. त्यांची वारंवारताही जुळत नाही: व्हीजीएमध्ये सेकंदाला सुमारे ३१,५०० आडव्या रेषा आखल्या जातात, सीजीएमध्ये सुमारे १५,७००. आजचा सपाट मॉनिटर सीजीएला सहसा ओळखत नाही, आणि जुन्या एकरंगी मॉनिटरला भलताच सिग्नल दिला तर तो जळू शकतो. काचेच्या नळीच्या मॉनिटरचे झाकण उघडू नये. आत वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

मॉनिटर ठीक असेल तर कान लावावा. मदरबोर्डला जोडलेला छोटा स्पीकर बीप देऊन दोष सांगतो. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे व्हिडिओचा दोष. एएमआयमध्ये आठ आखूड बीप म्हणजे व्हिडिओ कार्डाची मेमरी. बीपच नसेल तर नम लॉक दाबून पाहावे. कीबोर्डचा दिवा बदलत असेल तर मशिन आतून जिवंत आहे आणि फक्त चित्र अडले आहे. दिवाही हलत नसेल तर रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढून मशिन चालू करण्याची जुनी युक्ती आहे. तेव्हा बीप आले तर प्रोसेसर आणि बोर्ड बहुतेक शाबूत आहेत, दोष मेमरीत शोधावा.

मग साफसफाई. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून, कार्ड आणि रॅम बाहेर काढावी. सोनेरी टोकांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढावी. ४८६ मशिनमध्ये तीस पिनांच्या पट्ट्या चारच्या गटात लागतात, पेंटियममध्ये बहात्तर पिनांच्या जोडीने. एक जरी सैल राहिली तरी पडदा काळा राहू शकतो.

जुन्या बोर्डाचा खरा वैरी बॅटरी. ३८६ आणि ४८६ बोर्डांवर अनेकदा ३.६ व्होल्टची निळी, नळकांड्याच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटली की आतला अल्कली द्रव आसपासच्या तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर बॅटरी कापून काढावी, डाग थोड्या व्हिनेगरने पुसावा, मग अल्कोहोलने धुऊन नीट सुकवावे. खाल्लेल्या रेषा बारीक तारेने जोडाव्या लागतात आणि तिथे सोल्डरचा सरावच कामाला येतो.

एसएमपीएस (वीजपुरवठा) मल्टिमीटरने मोजावा. चार तारांच्या जोडात लाल तारेवर ५ व्होल्ट आणि पिवळीवर १२ व्होल्ट हवेत. पाच व्होल्ट ४.७५ च्या खाली गेले तर पंखा फिरतो, पण बोर्ड जागा होईलच असे नाही. जुन्या एटी बोर्डात वीज दोन जोडांतून येते, आणि दोन्हींच्या काळ्या तारा शेजारी शेजारी आल्या पाहिजेत; उलटे लावले तर बोर्ड जळू शकतो.

एवढ्यानेही चित्र नाही आले तर व्हिडिओ कार्ड आणि रॅम सोडून बाकी सगळी कार्डे काढावी. त्यांत मोडेम, साउंड कार्ड किंवा पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्डही असू शकते. डॉसवर भारतीय लिप्या दाखवणाऱ्या या कार्डामागची इस्की संहिता देवनागरी आणि तेलुगू दोन्हींना एकाच चौकटीत बसवते, त्यामुळे ते सापडले तर जपून ठेवावे. चित्र उमटले तर एकेक कार्ड परत लावत गेले की गुन्हेगार हाती लागतो. तरीही पडदा काळाच असेल तर स्लॉटमध्ये ‘पोस्ट’ (सुरुवातीच्या स्व-तपासणीचे) कार्ड बसवावे. तपासणी कुठल्या टप्प्यावर थांबली, हे ते दोन आकडी सांकेतिक क्रमांकात दाखवते.